बारा-पंधरा वर्षांची गाडी दारात आली, आता काय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या मालकांसाठी

सेकंडहँड गाडी दारात आली की पहिल्या रविवारी सीट कव्हर बसतात, दुसऱ्या रविवारी म्युझिक सिस्टीम. नारळ तर घेतल्या दिवशीच फुटलेला असतो. टायर कधीचे आहेत, इंजिनचा पट्टा कधी बदललाय, हे मात्र महिनाभर कुणी बघत नाही. मग चोर्ला घाटात गाडी उकळते आणि घरचे म्हणतात, "तरी सांगत होतो, जुनी घेऊ नको."

जुन्या गाडीत सगळी गफलत खर्चाच्या क्रमाची असते. पैसे जवळपास तेवढेच जातात, फक्त आधीचं नंतर आणि नंतरचं आधी होतं. माझा क्रम असा: गाडी थांबली पाहिजे, थंड राहिली पाहिजे, गळता कामा नये, मग नीट पळावी आणि सगळ्यात शेवटी चांगली दिसावी. पेंटिंगचा विचार वर्षभर मनातही आणू नका.

पहिली पायरी: वही घाला

शंभर पानी वही पुरे. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, इन्शुरन्स आणि एमिशनची मुदत लिहा. पुढे प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या कंपनीचं, किती रुपये. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण डॅशबोर्डच्या खणातली वही मेस्त्रीला दाखवता येते.

आधीच्या मालकाकडून सर्व्हिसच्या पावत्या मिळाल्या तर उत्तम. नसतील तर काहीच झालेलं नाही असं धरा आणि शून्यापासून सुरुवात करा. "ऑईल आत्ताच बदललंय" हे वाक्य विकणारा प्रत्येक माणूस बोलतो. मीटरवरच्या आकड्यावरही फार जीव टाकू नका. साठ हजार दाखवणाऱ्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल आणि स्टिअरिंगची कातडी चकाकत असेल, तर आकडा मागे फिरवलेला असू शकतो.

गाडीची हस्तपुस्तिका शोधा. बहुतेक कंपन्यांच्या हस्तपुस्तिका नेटवर फुकट मिळतात. ऑईलची ग्रेड, टायरमधली हवा, पट्ट्याची मुदत यांवर गॅरेजात वाद झाला तर शेवटचा शब्द तिचा.

दुसरी पायरी: थांबणं

चाकं काढून ब्रेक पॅड बघायला सांगा. मसाला तीन मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर पॅड बदला. मागच्या ड्रममध्ये डोकावताना व्हील सिलिंडर ओला दिसतोय का ते स्वतः बघा. तिथला ओलावा म्हणजे ब्रेक ऑईलची गळती, आणि ती पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबत नाही.

ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, हे जवळपास कुणीच करत नाही. हे ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि चोर्ला किंवा आंबोली उतरताना सारखा ब्रेक दाबला की आत वाफ धरते. पेडल मऊ पडतं, जमिनीपर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. त्यामुळे घाटात ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. फ्युएल इंजेक्शनची गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तसंही बंद होतं.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर हायवेला नेऊ नये. बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या असतील तर त्याआधीही नाही. स्टेपनीचेही आकडे वाचा. ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघते.

तिसरी पायरी: थंड राहणं

इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्या भागात जुन्या गाड्या सगळ्यात जास्त याच कारणाने कायमच्या बसतात. दोन्ही बाजूंना घाट आहेत, हायवेला तवंदी घाटासारखे चढ आहेत, आणि हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे दुसऱ्या गियरमध्ये रांगणं आहे.

सकाळी, गाडी पूर्ण गार असताना बोनेट उघडा. कूलंटची टाकी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा. मग रेडिएटरचं झाकण (टाकीलाच दाबाचं झाकण असेल तर ते) उघडून आत बघा. हिरवं, लाल किंवा निळं स्वच्छ पाणी असेल तर ठीक. गंजाच्या रंगाचं गढूळ पाणी असेल तर आजवर यात नळाचं पाणी घातलं गेलंय. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. पूर्ण सिस्टीम धुऊन घ्या आणि तयार कूलंट भरा. घट्ट कूलंट आणलं तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा, बॅटरीसाठी मिळतं तेच. गाडी गरम असताना हे झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, चेहऱ्यावर येतं.

आता डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑईल मोजायची पट्टी, काढा, पुसा, परत घालून काढा. ऑईल काळं असेल तर चिंता नाही, डिझेल गाडीत तर ते दोन दिवसांत काळं होतं. पण दूध जास्त झालेल्या चहासारखा रंग दिसला तर कूलंट ऑईलमध्ये उतरतंय. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं पॅकिंग) गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

रेडिएटरच्या जाळीत लाल माती, किडे आणि उसाच्या पाचटाचा भुसा बसतो. कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर जाळीच्या पात्या आडव्या होतात आणि हवा जायची ती बंद होते.

आता गॅरेजात मिळणाऱ्या दोन सल्ल्यांबद्दल. गाडी गरम होते म्हटलं की काही मेस्त्री म्हणतात, "थर्मोस्टॅट काढून टाकू, टेन्शन नको." दुसरा सल्ला, "फॅन डायरेक्ट करू, चावी फिरवली की फॅन सुरू." दोन्हींनी काटा खाली येतो आणि मालक खूश होतो. पण थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती नसलेलं इंजिन लवकर तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि ऑईलमध्ये गाळ धरतो. फॅन सतत फिरून त्याची मोटर बसते. मुख्य म्हणजे मूळ बिघाड आत तसाच राहतो: चोंदलेला रेडिएटर, थकलेला वॉटर पंप, बिघडलेला सेन्सर किंवा दाब न धरणारं झाकण. झाकण सगळ्यात स्वस्त आहे, तिथूनच सुरुवात करा. घेतलेल्या गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही हेही विचारून घ्या. निम्म्या जुन्या गाड्यांत तो आधीच काढलेला असतो, असं मला दिसतं.

काही गाड्यांना तापमानाचा काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे इंजिनच्या सेन्सरची माहिती वाचायचं, सॉकेट असतं. ब्लूटूथचा साधा रीडर तिथे लावला की मोबाइलवर तापमान अंशांत दिसतं.

चढावर काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा, काचा खाली करा आणि जागा मिळताच बाजूला थांबा. फॅन फिरत असेल आणि पाणी गळत नसेल तर इंजिन दोन मिनिटं तसंच चालू द्या, मग बंद करा. काटा लाल रेषेला टेकला असेल किंवा बोनेटमधून वाफ येत असेल तर लगेच बंद. त्यानंतर अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही.

चौथी पायरी: पट्टा

टायमिंग बेल्ट ही जुन्या गाडीतली सगळ्यात गप्प वस्तू. आवाज करत नाही, गळत नाही, एक दिवस तुटते. बऱ्याच इंजिनांत पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. मारुती ८००, जुनी सँट्रो, डिझेल इंडिका यांना पट्टा आहे. स्विफ्ट डिझेलला आणि मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांना साखळी आहे. तुमच्या गाडीत काय आहे आणि मुदत किती, ते हस्तपुस्तिकेत बघा. शेवटचा पट्टा कधी बदलला याची पावती नसेल तर बदला, आणि पट्टा ताणून धरणारं टेन्शनर बेअरिंगही त्याच वेळी. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही, कारण मजुरी एकदाच लागते.

पाचवी पायरी: ऑईल, धूर आणि आवाज

इंजिन ऑईल आणि फिल्टर घेतल्या आठवड्यात बदला. पुढे जुन्या गाडीला कंपनीच्या मुदतीच्या थोडं आधी, निदान वर्षातून एकदा. ग्रेड हस्तपुस्तिकेतलीच. "गाडी जुनी झाली, जाड ऑईल घाला" हा सल्ला जुन्या दणकट इंजिनांना चालून गेला, नव्या बनावटीच्या बारीक ऑईलवाटांना तो सोसत नाही.

सायलेन्सरचा धूर बघायला शिका. निळा म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा आणि गोडसर वास म्हणजे कूलंट जळतंय, पण थंडीतल्या सकाळी पहिल्या दोन मिनिटांची वाफ त्यात धरू नका. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून झटका. आपल्या धुळीत तो कंपनीच्या मुदतीच्या खूप आधी भरतो.

आवाजाचं एवढं लक्षात ठेवा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवताना टक-टक-टक आलं तर ॲक्सलचा जॉइंट. त्यावरचं रबरी बूट फाटल्याबरोबर बदललं तर जॉइंट वाचतो. खड्ड्यात खट आवाज आला तर बहुधा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचं बुश. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं, जी वळणावर कमी-जास्त होते, ती व्हील बेअरिंगची.

ॲव्हरेज टाकी ते टाकी मोजा. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल, किलोमीटर भागिले लिटर. ॲव्हरेज अचानक पडलं तर काहीतरी बिघडलंय, डॅशबोर्डवर दिवा लागो न लागो. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यामुळे थोडी घट सगळ्यांनाच दिसते. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. फ्युएल पाइप वर्षातून एकदा हाताने वाकवून बघा, भेग किंवा चिकटपणा जाणवला तर बदला. आपल्याच कारखान्यांतल्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचे पाइप खातंय, याला काय म्हणावं! टाकी महिनोन्महिने अर्धी ठेवून गाडी उभी करू नका. पावसाळ्यात आत पाणी धरतं आणि या पेट्रोलमध्ये ते खाली जाऊन बसतं.

सहावी पायरी: मेस्त्री आणि स्पेअर

कंपनीचं सर्व्हिस सेंटर जुन्या गाडीत फारसं मन घालत नाही. अख्खं असेंब्ली बदला म्हणतं. म्हणून गल्लीतला मेस्त्री धरावा लागतो, आणि नुसता स्वस्त बघून धरू नये. तुमच्या मॉडेलच्या दोन-तीन गाड्या ज्याच्या दारात नेहमी उभ्या असतात तो बघा. पहिलं काम लहान द्या, ऑईल बदलणं किंवा ब्रेक साफ करणं. त्याने नट हाताने लावून मग पान्याने आवळले की पहिल्यापासून जोर लावला, ड्रेन प्लगचं वायसर नवं घातलं की जुनंच फिरवलं, एवढं उभं राहून बघितलं तरी माणूस कळतो.

बोलणी आधीच करा. "मामा, खोललं की आधी फोन करा, मग बदला." किंवा "अण्णा, जुना पार्ट मला परत द्या." आपल्याकडे गॅरेजात मराठी, कानडी आणि दख्खनी एकाच वाक्यात चालतात, भाषेने अडत नाही. जुना पार्ट मागण्यात संकोच नको. चांगला मेस्त्री तो स्वतःहून फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि कुठे झिजलाय ते बोटाने दाखवतो.

बेळगावकरांचं एक नशीब आहे. उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीमुळे फाउंड्री आणि मशीनकाम गावातच आहे. हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग, बुश लेथवर करून घेणं यासाठी पुण्याला जावं लागत नाही. निपाणी-चिकोडीवाल्यांना कोल्हापूर जवळ पडतं. त्यामुळे "हेड गेलं, नवीनच घाला" ऐकलं तर आधी मशीनशॉपवाल्याला हेड दाखवा.

स्पेअरमध्ये तीन प्रकार येतात: गाडीच्या कंपनीच्या डब्यातलं, तो पार्ट मुळात बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यातलं, आणि लोकल. मधला प्रकार जुन्या गाडीसाठी सगळ्यात परवडणारा, बऱ्याचदा माल तोच आणि डबा वेगळा. लोकल माल दरवाजाच्या हँडलला, आरशाला, मडगार्डला घ्या. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्टला कधीच नको. भंगारातला पार्टही याच नियमाने.

गर्दीचा हिशोब ठेवा. गणपतीआधी मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात तेव्हा गॅरेज भरलेली असतात, आणि खंडेनवमीला तर हत्यारं पूजेला बसतात. मोठं काम मे महिन्यातच उरकून घ्या.

सातवी पायरी: पाऊस आणि उंदीर

मे महिन्याच्या शेवटी वायपर बदला, पुढच्या काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा, दरवाजांच्या खालची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा. गंज आत पाणी साचून धरतो, बाहेरून पॉलिश मारून काही उपयोग नाही. पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढू नका, लायनर ड्रमला चिकटतो. गियरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी आली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा. बॅटरी सतत उतरत असेल तर नवी घेण्याआधी मीटर लावून बघा. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण चौदा. चालू असताना चौदाच्या जवळपासही नसेल तर दोष बहुधा अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा.

शेतातल्या घरांना उंदरांचा त्रास ऊस तुटल्यावर जास्त. वायरिंग खाल्लं तर शोधण्यातच दिवस जातो. निपाणीकडे तंबाखूची पानं बोनेटमध्ये ठेवतात, वासाने उंदीर काही दिवस लांब राहतो. पानं कापडी पुरचुंडीत बांधा आणि सायलेन्सरच्या गरम पाइपपासून दूर ठेवा, नाहीतर उंदराऐवजी आगच यायची. रोज गाडी हलवणं यापेक्षा कामाचं.

आठवी पायरी: कागद, आणि हद्दीपलीकडची गाडी

बाचीपर्यंत कर्नाटक आणि शिनोळीपासून महाराष्ट्र. तुमच्या रोजच्या फेरीला त्याने फरक पडत नाही, इन्शुरन्स आणि एमिशन सर्टिफिकेट देशभर चालतं. पण कोल्हापूरहून एमएच-०९ची गाडी स्वस्तात घेऊन बेळगावात कायमची वापरायची असेल तर हिशोब बदलतो. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स लागतो. तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो, तरी हाताला लागण्याइतका असतो. सौदा करताना ही रक्कम किमतीत धरा. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, खेटे मात्र घालावे लागतात. गाडीवर कर्ज होतं का हे आरसीवर बघा. बँकेचं नाव उतरवलेलं नसेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दिल्लीची डिझेल गाडी फार स्वस्तात आली तर कारण समजून घ्या. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध त्या भागापुरते आहेत, आपल्याकडे तो नियम नाही. म्हणून तिकडच्या गाड्या इकडे येतात. त्यातल्या काही चांगल्या असतात, पण टॅक्स आणि एनओसीचा खर्च धरल्यावर स्वस्ताई बरीचशी विरते.

एमिशन सर्टिफिकेट बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) आणि पुढच्या गाडीला वर्षाचं, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांचं. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते. इन्शुरन्स लावताना मूळ मालकाचं नाव राहिलं असेल तर ते आधी बदला. अपघात झाला तर नाव न बदललेल्या पॉलिसीवर गाडीचा क्लेम अडतो.

पंधरा वर्षं पूर्ण झाली की आरसी नव्याने करावी लागते, एका वेळी पाच वर्षांसाठी. फॉर्म २५, मुदतीच्या आधी साठ दिवसांच्या आत. कारसाठी केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये, गाडी वीस वर्षांपुढची असेल तर २०२५ पासून १०,०००. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये दंड, शिवाय राज्याचा हरित कर वेगळा. गाडी आरटीओला नेऊन दाखवावी लागते. जाण्याआधी सगळे दिवे, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट चालू आहेत ना बघा आणि चेसिस नंबरवरचा गंज ब्रशने साफ करा. नंबर वाचता आला नाही की दिवस फुकट जातो.

थांबायचं कधी

क्लच, सस्पेन्शन, एसी कॉम्प्रेसर हे खर्च मोठे वाटले तरी करण्यासारखे आहेत, कारण ते काम एकदा झालं की काही वर्षं बघावं लागत नाही. इंजिनचं कामही, गाडीचा सांगाडा चांगला असेल तर. सांगाडा गंजला की मात्र हिशोब संपतो. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा: शॉक ॲब्सॉर्बर जिथे वर बसतो ती जागा, जॅक लावायच्या कडा, पुढचा क्रॉस मेंबर. स्क्रू ड्रायव्हर टोचला आणि पत्रा आत गेला, तर त्यावर वेल्डिंग करून माणसं बसवू नयेत.

अशी गाडी भंगारवाल्याला नुसती विकून मोकळे होऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर डिपॉझिट सर्टिफिकेट मिळतं, ते नव्या गाडीच्या वेळी कामाला येतं. कुठेही दिली तरी चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्या. नाहीतर तिची नंबरप्लेट दुसऱ्याच गाडीवर फिरते आणि दंडाच्या नोटिसा तुमच्या घरी येतात.